पाणाड्याचा नारळ आणि घरातला वाद: मुद्दा कुठे धरायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विहिरीचं पाणी फेब्रुवारीतच तळाला जातं म्हणून तुमच्या काकांनी बोर घ्यायचं ठरवलं आणि पाणाड्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी दाखवणारा, बोलावला. त्याने तळहातावर नारळ आडवा धरून एक एकराचं शेत पालथं घातलं. एका जागी नारळ उभा राहिला, तिथे चुन्याची फुली मारली आणि सांगितलं, "एकशे ऐंशी फुटांना पहिला झरा, दोनशे चाळीसला दुसरा." तुम्ही म्हणालात, यात विज्ञान नाही. काका म्हणाले, "गावातल्या दहापैकी आठ बोरांना पाणी यानेच दाखवलंय. तुला काय कळतं जमिनीतलं?" आता तुम्ही विचारताय की हा वाद शास्त्रीय पद्धतीने कसा जिंकायचा.

जिंकायचं सोडा. आधी वाद नेमका कशाचा आहे ते बघू, कारण तुम्ही दोघं वेगवेगळ्या गोष्टींवर भांडताय. "पाणाड्याला पाणी कळतं" या एका वाक्यात तीन दावे गुंडाळलेले असतात. त्याला जमिनीची, उताराची, झाडांची पारख आहे, हा पहिला. त्याने दाखवलेल्या जागी पाणी लागतं, हा दुसरा. आणि नारळ पाण्यामुळे उभा राहतो, हा तिसरा. पहिला बऱ्याचदा खरा असतो. दुसरा खरा असू शकतो आणि तरीही त्यातून काहीच सिद्ध होत नाही. खरा वाद फक्त तिसऱ्यावर आहे. तुम्ही तिन्हींना एकदम "थोतांड" म्हटलंत, म्हणून काकांनी पहिल्या दोन दाव्यांच्या आडोशाने तिसरा वाचवला. माझा सल्ला एवढाच, की मुद्दा "पाणाड्याची विद्या खरी की खोटी" असा ठेवूच नका. "नारळामुळे नारळाशिवाय कळतं त्यापेक्षा जास्त काय कळलं?" असा ठेवा.

पहिला दावा मोकळ्या मनाने मान्य करा. तीस-चाळीस वर्षं शेतं तुडवणाऱ्या माणसाला कुठल्या विहिरीला मे महिन्यात पाणी टिकतं, ओढा पूर्वी कुठून वाहायचा, कुठल्या बांधावर उंबर किंवा जांभूळ उन्हाळ्यातही हिरवंगार असतं, हे ठाऊक असतं. ही निरीक्षणं आहेत आणि त्यांना अर्थ आहे. कुणी वराहमिहिराच्या बृहत्संहितेतलं दकार्गल प्रकरण पुढे केलं तर बिचकू नका. त्यात झाडं, वारुळं, मातीचा रंग यांवरून पाण्याचा अंदाज बांधलेला आहे. त्यातला प्रत्येक अंदाज बरोबरच असेल असं नाही, पण तो डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवर बांधलाय आणि तपासता येतो. त्याचा आधार घेऊन हातातल्या नारळाचं समर्थन होत नाही.

आता "दहापैकी आठ". इथेच बहुतेक शिकलेली मंडळी फसतात, कारण ती हा आकडा खोटा ठरवायला जातात. आकडा खरा धरा आणि उलट विचारा: कुणीही न दाखवलेल्या जागी किती बोरांना पाणी लागलं? असे बोर प्रत्येक गावात असतात. सरकारी हातपंप असतो, घराजवळ सोय म्हणून घेतलेला असतो, केबल वाचावी म्हणून डीपीच्या शेजारी घेतलेला असतो. एका कागदावर चार घरं आखा: दाखवून घेतलेले आणि पाणी लागलेले, दाखवून घेतलेले आणि कोरडे गेलेले, न दाखवता घेतलेले आणि पाणी लागलेले, न दाखवता घेतलेले आणि कोरडे. समजा पाणाड्याच्या २० बोरांपैकी १६ ना पाणी आहे आणि सोयीने घेतलेल्या १० पैकी ८ ना आहे. दोन्हीकडे ८० टक्केच. मग नारळाची कमाई शून्य. हा तक्ता भरताना दुसऱ्या घराकडे विशेष लक्ष ठेवा. कोरडा गेलेला बोर दगड टाकून बुजवतात आणि त्याचा विषय निघत नाही, त्यामुळे चौकशी केल्याशिवाय ते घर रिकामंच दिसतं. बोरच्या गाडीवाल्याकडे किंवा त्याच्या एजंटाकडे बिलाची वही असते, तिच्यात मारलेले सगळे बोर सापडतात.

कुठेही खणलं तरी पाणी लागण्याची शक्यता किती, हे भूगोलावर अवलंबून आहे. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग दख्खनच्या बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा. अखंड काळ्या पाषाणात पाणी जवळजवळ नसतंच. ते असतं वरच्या मुरमात, थराच्या माथ्यावरच्या सच्छिद्र भागात, दोन थरांच्या सांध्यात आणि भेगांमध्ये. "जमिनीखाली नदी वाहते, तिची शीर नारळाने पकडायची" हे चित्रच इथल्या खडकाला लागू पडत नाही. पावसाळ्यानंतर मुरमात पाणी बऱ्यापैकी पसरलेलं असतं, त्यामुळे थोडंफार पाणी बहुतेक ठिकाणी लागतं. खोलात मात्र भेग सापडली तर सापडली. म्हणून एकाच बांधाच्या दोन बाजूंना एक बोर भरलेला आणि एक कोरडा, असं होतं आणि त्यात गूढ काही नाही. जळगाव जिल्ह्यात तापीकाठच्या गाळात, यावल-रावेरच्या बाजूला, गोष्ट वेगळी. तिथे वाळूचे थर दूरवर पसरलेले आहेत, पाणाडी चुकायला वावच कमी. अकोला-अमरावतीकडच्या खारपाण पट्ट्यात पाणी लागतं आणि खारं लागतं. तिथे "पाणी लागलं" याला यश म्हणायचं की अपयश, हे आधी ठरवावं लागेल.

ठरवणं, हाच या सगळ्यातला कळीचा भाग. "दोन इंची पाणी लागलं" म्हणजे काय? मोजणी करणारे लोक ९० अंशाची व्ही आकाराची खाच असलेली पत्र्याची पट्टी लावतात आणि खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची इंचात वाचतात. एक इंच म्हणजे ताशी साधारण ५०० लिटर, दोन इंच म्हणजे ताशी साधारण २,९००. दुप्पट नाही, साडेपाच पट! ऐकणारा मात्र दोन इंची पाइप भरून वाहतोय असं समजतो आणि सांगणाराही बऱ्याचदा तसंच समजतो. शिवाय बोर मारताना कॉम्प्रेसरच्या हवेने जे पाणी उसळतं, त्यात भेगांत साठलेलं पाणी असतं. ते टिकेलच असं नाही. म्हणून यशाची व्याख्या काकांबरोबर बसून आधी लिहा: "मे महिन्यात सलग दोन तास मोटर चालली पाहिजे." तुमच्या गरजेप्रमाणे तीन तास करा, एक करा. पण बोर मारण्याआधी करा. नंतर व्याख्या करायला बसलात की बोरमधून वर आलेला खडकाचा दमट चुराही "पाणी आहे, जरा खाली जायला हवं होतं" या सदरात जमा होतो.

मग नारळ उभा का राहतो? इथे पाणाड्याला लबाड म्हणण्याची चूक करू नका. बहुतेक पाणाडी प्रामाणिक असतात, नारळ आपण हलवतोय हे त्यांना खरोखर जाणवत नाही. आडवा नारळ तळहातावर डळमळीत तोलावर असतो, बोटांचा ताण किंचित बदलला तरी तो कलतो. कडुनिंबाची दुबेळकी फांदी तळवे वर करून दोन्ही टोकांना ताणून धरली की ती दाबलेल्या स्प्रिंगसारखी होते, मनगट जरासं वळलं की टोक झपकन खाली. तांब्याच्या काटकोनी सळ्यांचं तर विचारूच नका, हात तसूभर कलला की त्या फिरतात. मनात अपेक्षा असली की स्नायू नकळत हलतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांनी १८३३ मध्ये दोऱ्याला टांगलेल्या लंबकावर हेच दाखवलं होतं, आणि १८५२ मध्ये इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी या प्रकाराला नाव दिलं. हे काकांना सांगण्यापेक्षा करून दाखवा. वीतभर लांब दोऱ्याला अंगठी बांधा, कोपर टेबलावर न टेकवता ती पाण्याच्या पेल्यावर धरायला सांगा आणि "पाण्यावर ही गोल फिरते" असं म्हणा. थोड्या वेळात बहुतेकांच्या हातात फिरायला लागते. मग डोळे बांधा आणि पेला गुपचूप काढून घ्या. फिरणं मंदावतं, किंवा पेला नसतानाही चालू राहतं. दोन्हींतून एकच कळतं, की अंगठीला पाण्याची खबर नाही. खबर आहे ती डोक्याला. हे काकांच्याच हातात झालं तर तुम्हाला फार बोलावं लागत नाही.

खरी चाचणी घ्यायची असेल आणि पाणाडी तयार असेल, तर सगळ्यात स्वस्त चाचणीला एक फूटही खणावं लागत नाही. एकराचे चाळीस गुंठे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. दोरी आणि खुंट्या लावून चाळीस चौकोन पाडा. दोन पाणाड्यांना वेगवेगळ्या दिवशी बोलवा, पहिल्याची फुली पुसून टाका आणि दुसऱ्याला पहिल्याबद्दल काही सांगू नका. दोघांच्या फुल्या योगायोगाने एकाच गुंठ्यात पडण्याची शक्यता ढोबळमानाने चाळिसात एक. जमिनीखाली एक ठरावीक झरा असेल आणि नारळाला तो कळत असेल, तर दोघं जवळपास यायला हवेत. दोन गोष्टी इथे बिघडतात. फुली दोन गुंठ्यांच्या सीमेवर पडली तर तीन फुटांचं अंतर असूनही "वेगळा गुंठा" दिसतो, म्हणून टेपने प्रत्यक्ष अंतरही मोजा. आणि शेताला ओढ्याकडे सरळ उतार असेल तर दोघंही सखल कोपराच निवडतील, तो नारळाचा गुण नाही. अशा शेतात एकाच पाणाड्याचे डोळे बांधून त्याच्याकडून पाच फेऱ्या करून घ्या. हात धरून चालवणारा माणूस असा हवा की ज्याला आधीची फुली माहीत नाही. माहीत असेल तर त्याची पावलं तिथे नकळत रेंगाळतात आणि पाणाड्याला ते हातातून कळतं. नारळ पाचही वेळा त्याच गुंठ्यात उभा राहिला तर मलाही ते पाहायला आवडेल.

याहून काटेकोर चाचणी पाइपची. दोन इंची पाइप हातभर खोल पुरा आणि व्हॉल्व्ह शेडच्या मागे ठेवा. नाणं उडवून छापा आला तर पाणी सुरू, काटा आला तर बंद. हे करणारा माणूस शेडमागेच राहील आणि वहीत नोंद करील. पाणाड्याजवळच्या माणसाला पाणी चालू की बंद हे ठाऊक नसावं. वीस फेऱ्या, प्रत्येक पाचेक मिनिटांची, मध्ये चहा. निव्वळ अंदाजाने दहाच्या आसपास बरोबर येतील. सोळा किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता हजारात सहाच्या आसपास आहे, म्हणून सोळा ही रेषा आधीच ठरवा. पंधरा आले तर "जवळजवळ आलंच की" असं कुणी म्हणू नये, आणि सतरा आले तर तुम्हीही "काहीतरी गडबड आहे" म्हणून उठून जाऊ नये. पुन्हा एकदा वीस फेऱ्या घ्या, इतकंच.

नाण्याऐवजी स्वतःच्या मनाने चालू-बंद केलंत तर चाचणी वाया जाते. माणूस तीन वेळा सलग "चालू" ठेवायला कचरतो आणि समोरच्याला तो क्रम ओळखता येतो. पाण्याचा आवाज, व्हॉल्व्हची टकटक, पाइपवरची नुकतीच उकरलेली ओली माती, या सगळ्या खुणाच आहेत. माती आठवडाभर आधी बसू द्या आणि मोटर सतत चालू ठेवून पाणी फक्त दुसऱ्या वाटेने वळवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुरुवातीला एक उघडी फेरी. पाणी चालू आहे हे सगळ्यांना माहीत असताना पाणाड्याने नारळ धरावा आणि म्हणावं, "हो, इथे मला लागतंय, या जागी माझं काम चालतं." तसं लिहून घ्या. ही फेरी नसेल तर निकालानंतर "पाइपातलं पाणी जिवंत नसतं" ही सबब तयारच असते. उघड्या फेरीतच तो तसं म्हणाला तर चाचणी तिथेच थांबवा, गुंठ्यांची चाचणी घ्या. त्याला न पटलेल्या अटींवर त्याला हरवण्यात काही अर्थ नाही.

जर्मनीत कासल इथे १९९० मध्ये नेमकी अशी चाचणी झाली. पन्नास सेंटिमीटर खोल पाइप, तीस पाणाडी, तीन दिवस. निकाल नाणेफेकीइतकाच आला. पण तुमच्या विरोधकाने इंटरनेटवर शोधलं तर त्याला म्युनिकची १९८७-८८ ची चाचणी सापडेल, म्हणून तीही माहीत असू द्या. तिथे एका कोठाराच्या खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप गाड्यावर ठेवून सरकवत आणि वरच्या मजल्यावरून पाणाडी त्याची जागा सांगत. सुमारे ५०० जणांतून ४३ निवडले, ८४३ चाचण्या झाल्या. घेणाऱ्या शास्त्रज्ञांनी निष्कर्ष काढला की मोजक्या काहींना हे खरंच जमतं. नंतर अमेरिकेतल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतल्या जिम एनराइट यांनी तीच आकडेवारी तपासली. "सर्वोत्तम" म्हणून काढलेले सहा जणसुद्धा एका खेपेला जमलं ते पुढच्या खेपेला करू शकले नव्हते. ४३ जणांकडून नाणी उडवून घेतली तर कुणीतरी सलग छापे काढणारच. आधी नाव जाहीर करून मग पुन्हा काढायला लावलं तरच त्याला अर्थ. वादात "परदेशात सिद्ध झालंय" असं कुणी म्हणालं की "खोटं" म्हणू नका, "त्याच माणसांनी पुन्हा करून दाखवलं का?" एवढं विचारा.

आता तुमच्या बाजूकडे वळतो. "नारळ नको, मशीनने पाहू" असं तुम्ही म्हणालात. मशीन म्हणजे विद्युत रोधकता सर्वेक्षण असेल तर त्यामागे भौतिकशास्त्र आहे, पण ते पाणी दाखवत नाही. जमीन वीज किती अडवते ते दाखवतं. अखंड पाषाण जास्त अडवतो, ओला मुरूम कमी. चिकणमाती आणि खारं पाणीही कमीच अडवतात. त्यामुळे आकडा वाचणारा त्या भागातल्या विहिरींचे थर पाहिलेला नसेल तर तोही फसतो. खोलवरचा अंदाज हवा असेल तर तारा सरळ रेषेत दोनशे मीटर किंवा अधिक पसराव्या लागतात. अर्ध्या एकराच्या तुकड्यात उभं राहून कुणी "तीनशे फुटांपर्यंत पाहिलं" म्हणत असेल तर त्याला तारा कुठे पसरल्या ते विचारा. काटेरी तारेचं कुंपण, पुरलेला लोखंडी पाइप, वरून जाणारी उच्चदाबाची लाइन यांनीही आकडे बिघडतात. आणि हल्ली पडद्यावर रंगीत झरे दाखवणारी जी खेळणी निघाली आहेत, त्यांना माझ्या लेखी नारळापेक्षा जास्त मान नाही. नारळवाला निदान पडदा दाखवत नाही. यंत्रवाल्यालाही तेच चार घरांचे प्रश्न विचारा, तीच गुंठ्यांची चाचणी लावा. काकांना हे पटेल, कारण तुम्ही दोघांना एकाच तराजूत तोलताय.

वाद कितपत ताणायचा हे समोर कोण आहे त्यावर ठरतं. काकांनी गाडीला विसार दिला असेल, परवा बोर मारायचा असेल, तर आता नाणेफेक आणि गुंठे काढून उपयोग नाही. चुलते म्हणून त्यांचा मान आहे, पैसाही त्यांचाच आहे. चारचौघांत तर हा विषय काढूच नका, तिथे माणूस मत बदलत नाही, फक्त आवाज वाढवतो. त्यांना एवढंच म्हणा, "काका, फुली राहू द्या. पण गाडी यायच्या आधी दोन कामं करू." पहिलं म्हणजे आसपासच्या अर्धा किलोमीटरमधल्या विहिरी पाहून यायच्या: मे महिन्यात पाणी किती फुटांवर जातं, मुरूम कुठे संपतो, काठाच्या भिंतीत कुठल्या थरातून पाझर दिसतो, तांबड्या गेरूचा पट्टा आहे का. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातून निरीक्षण विहिरींच्या पातळ्याही मिळतात. ती मोजणी वर्षातून चारदा होते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. फुली या माहितीशी जुळत असेल तर तुमचा विरोध कशाला? जुळत नसेल तर काकांनाच ती दहा-वीस फूट सरकवावीशी वाटेल.

दुसरं काम वहीचं. पाणाड्याचं भाकीत त्याच्यासमोर, त्याच्याच शब्दांत लिहा: पहिला झरा १८० फूट, दुसरा २४०, पाणी किती, गोडं की खारं. तारीख घाला आणि तिघांच्या सह्या घ्या. बोर मारताना दर दहा फुटांना मूठभर चुरा वेगळ्या पिशवीत भरा, पिशवीवर खोली लिहा, रंग लिहा: तांबूस मुरूम, राखाडी, पांढरे दाणे असलेला, काळा. पाणी पहिल्यांदा कितव्या फुटाला दिसलं, व्ही खाचेवर किती इंच आलं, केसिंग (बोरच्या वरच्या भागात घालायचा पाइप) कुठवर घातलं. मग मे महिन्यात मोटर किती वेळ चालली, ते त्याच पानावर. पुढच्या वेळी शेजारचा कुणी नारळ घेऊन आला की ती वही काकाच काढतील. बोर कोरडा गेला तरी पान फाडू नका, आणि भरून आला तरी.